बिनरेघेचा र

रसिकाचा चेंडू उन्मेषच्या ठेपल्यांवर पडता पडता राहिला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

बडोद्याबाहेर, छाणीच्या पुढे शेतांना लागून एक गोल्फचं मैदान आहे. मैदान कसलं, अर्धं मोरांचं आणि उरलेलं माणसांचं. एप्रिलमधल्या त्या रविवारी उन्मेष कडुलिंबाखाली डबा उघडून बसला होता आणि वरून लिंबाचा मोहोर त्याच्या केसांत गळत होता. तेवढ्यात एक चेंडू डब्याच्या कडेवर टण्णकन आपटला आणि त्याच्या बुटापाशी येऊन थांबला. त्याने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि सरळ खिशात टाकला.

"अहो, तो माझा आहे," रसिका धापा टाकत आली.

"माझा आहे. काल इथेच हरवला होता. हे बघा, वर दोन लिहिलंय."

"तो दोन नाहीये. र आहे. रसिकाचा र."

उन्मेषने चेंडू पुन्हा बाहेर काढून डोळ्यांजवळ धरला. "मग र च्या डोक्यावरची रेघ कुठे गेली?"

रसिकाचे कान तापले. तिच्या दुखऱ्या जागेवर त्याने नेमकं बोट ठेवलं होतं. ती गुजराती शाळेत शिकलेली, आणि गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. तिचे बाबा, श्रीकृष्ण सर, उभा जन्म मराठी शिकवून निवृत्त झालेले. 'अक्षरं बोडकी सोडू नकोस गं,' हे वाक्य ती पाटी-पेन्सिलच्या वयापासून ऐकत होती. पण हात काही वळला नाही तो नाहीच.

"बडोद्याचा र असाच असतो," ती ठसक्यात म्हणाली. "तुम्ही बाहेरचे ने?"

"नाशिकचा. दोन वर्षं झाली, रिफायनरीत आहे." त्याने पेन काढलं आणि ठेपल्याच्या कागदावर एक आकडा काढला. "माझा दोन असा असतो. शेपूट शेवटी वर वळते, दिसली? तुमची सरळ जाते. म्हणजे चेंडू तुमचाच. घ्या… आणि ठेपलाही घ्या."

"चेंडूंवर आकडे कशाला घालता?"

"किती हरवले ते कळावं म्हणून. दर महिन्याला पुन्हा एकपासून सुरू करतो, नाहीतर खेळायची हिंमतच राहायची नाही."

ती हसली. ठेपला तिने घेतलाच.

आता खरं सांगायचं तर दोघंही खेळाडू म्हणून यथातथाच. रसिका वासण्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. मैदानावरच्या म्हाताऱ्यांच्या कंबरा नीट करता करता तिने कुणाची तरी जुनी स्टिक हातात घेतली आणि नादी लागली. घरी बापलेक मिळून टीव्हीवर सामने पाहायचे. श्रीकृष्ण सरांनी आयुष्यात एकही फटका मारला नव्हता, पण नियम मात्र त्यांना तोंडपाठ. अठरा होल संपवायला रसिकाला एकशे दहा-बारा फटके लागत. शंभरच्या आत यायचं, हे तिचं एकुलतं एक स्वप्न होतं, आणि ते स्वप्न एकशे चारवर येऊन अडकलं होतं.

उन्मेष आणि ती रविवारी बरोबर खेळू लागली. तो तिच्या चुकलेल्या फटक्यावर कधी हसायचा नाही, फक्त खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. ती नाडी कधीच सुटलेली नसायची, हे तिला जूनमध्ये कळलं. जुलैत एकदा छत्री एकच होती आणि दोघांचेही बाहेरचे खांदे भिजले, तेव्हा तो म्हणाला, "आता 'तुम्ही' पुरे की. तू म्हणा."

"तुम्हीच म्हणा आधी."

"नाही. मी थांबेन. आधी तुम्ही."

रसिकाच्या ते ओठांवर आलं होतं… पण इतक्या सहज देऊन टाकायचं तिच्या जिवावर आलं. "शंभरच्या आत आले, की त्याच दिवशी म्हणेन."

"नक्की?"

"पाक्कं."

त्यानंतर शंभर हा आकडा नुसता आकडा राहिला नाही. एकेक फटका कमी झाला की दोघंही एकमेकांकडे बघायची आणि मग उगाच मोरांकडे.

सप्टेंबरची मासिक स्पर्धा आली. स्पर्धेत प्रत्येकाची मोजणी त्याने स्वतः करायची नसते. जोडीदार कार्ड लिहितो आणि शेवटी दोघं सह्या करतात. रसिकाचं कार्ड उन्मेषकडे होतं. त्या दिवशी तिच्या हाताला काय झालं होतं कोण जाणे, सोळा होल संपले तेव्हा एकोणनव्वदच झाले होते. दोन उरले. पाच आणि पाच मारले की नव्व्याण्णव.

"बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली.

"मी काही बोललोच नाही."

"बघू पण नका."

सतराव्याचा पहिला फटका उजवीकडे गेला. भुरभुर पावसात चेंडू करवंदीच्या झुडपांमागे दिसेनासा झाला. पावसाळ्यातलं ते गवत गुडघ्याएवढं. शोधायला तीन मिनिटं असतात. नाही सापडला तर एक फटका दंड, आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. म्हणजे नव्व्याण्णव गेलं आणि तू-ही गेलं.

उन्मेष डाव्या बाजूने शोधू लागला, ती उजव्या. दोन मिनिटं झाली. हात ओरखडले. आणि मग गवतात एक पांढरा चेंडू दिसला. तिने खाली वाकून पाहिलं. त्याच्यावर २ होता आणि शेपूट शेवटी वर वळली होती.

तिला त्याच क्षणी कळलं. तो चेंडू उन्मेषचा होता, या महिन्यातला दुसरा, मागच्या रविवारी हरवलेला. तिला कळलं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर तिने स्वतःला चार दिवस उलट समजवायचा प्रयत्न केला.

"सापडला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

उन्मेष जवळ आला. वाकून त्याने चेंडूकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुमचाच ना?"

"हो… र आहे की."

त्याने मान हलवली आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

सतराव्याला पाच झाले, अठराव्याला पाच. नव्व्याण्णव. दोघांनी सह्या केल्या. व्हरांड्यात हंबीररावांनी, म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या आणि मोठ्या मिशांच्या सभासदाने, टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांनी एक प्रथा घातली होती: जो पहिल्यांदा शंभरच्या आत येईल, त्याचा तो चेंडू वर्षभर व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा, खाली नावाची चिठ्ठी. त्यांनी तिच्या हातातून चेंडू घेतला आणि आत ठेवला. तिला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

पार्किंगमध्ये उन्मेष तिच्या स्कूटरजवळ उभा राहिला. "मग? काहीतरी ठरलं होतं आपलं."

रसिकाने हेल्मेटचा पट्टा तीनदा लावला, तीनदा काढला. "तुम्हाला उशीर होत असेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढचा आठवडा तिला खायला उठला. श्रीकृष्ण सरांनी मांडवीतून पेढे आणले आणि सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर वाटले. खालच्या मृदुलाकाकू म्हणाल्या, "रसिका, तारे तो जलसा, मजाच मजा." दवाखान्यात पेशंटसुद्धा अभिनंदन करू लागले. पेढा तिने तोंडात घातला आणि बेसिनवर जाऊन थुंकला. चोरी केली तीही कुणाची, तर ज्याच्यासाठी केली त्याचीच. त्याच्यासमोर उभं राहून, त्याचाच चेंडू हातात घेऊन, 'र आहे की' म्हणाले. उन्मेषचे निरोप येत होते. 'बऱ्या आहात ना?' 'रविवारी याल?' ती ते वाचायची आणि फोन उशीखाली ढकलायची. आरशासमोर केस विंचरताना ती भांगाकडेच बघायची, डोळ्यांत बघत नव्हती.

रविवारी सर म्हणाले, "मला तो चेंडू बघायचाय. कपाटातला." त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि उरलेले पेढे डब्यात भरून घेतले होते. रसिकाने डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, रस्ता खराब आहे म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

व्हरांड्यात हंबीररावांनी सरांचं स्वागत केलं. उन्मेषही होता, खांबाला टेकून. सरांनी चष्मा पुसला, कपाटाच्या काचेला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"रसिके," ते म्हणाले, "हा र नाही गं. कुणीतरी दोन लिहिलाय."

"सर, तुमची लेक बिनरेघेचा र काढते, आम्हाला ठाऊक आहे," हंबीरराव हसले.

"तेच तर. वीस वर्षं मी तिचा र तपासतोय. तिची शेपूट सरळ जाते, कधी म्हणून वर वळली नाही. हा दुसऱ्या कुणाचा तरी चुकून ठेवलात तुम्ही."

सरांच्या मनात काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मग उन्मेष खांबापासून पुढे आला.

"काका, तो र च आहे. मी तिथे होतो, मी पाहिलाय."

तो हे बोलत होता हंबीररावांकडे बघून, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. रसिकाला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो पहिल्यापासून जाणून होता. आणि आता तिच्यासाठी तिच्या बाबांशी खोटं बोलत होता, ज्याला खोटं बोलणं अजिबात जमत नव्हतं असा माणूस.

"बाबा बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "तो दोन आहे. उन्मेषचा आहे. माझा सापडला नव्हता. मला माहीत होतं, तरी मी तो मारला."

सरांनी पेढ्यांचा डबा हळूच बाकावर ठेवला. ते तिच्याकडे बघत राहिले, रागाने नव्हे, आणि तेच तिला सोसवेना.

"आणि मी ओळखला होता," उन्मेष म्हणाला. "तरी सही केली. माझंही नाव घाला त्यात."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्याचा चेंडू मारून लपवला की स्पर्धेतून बाद, त्यात दुमत नव्हतं. त्यांनी किल्ली काढली, चिठ्ठी फाडली आणि चेंडू उन्मेषच्या हातात दिला. "दोघांनाही दिवाळीपर्यंत स्पर्धा बंद," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी बाकावरच्या डब्यातला एक पेढा उचलला. "सर, हा मी खातो. नव्व्याण्णवचा नव्हे. आत्ताच्या बोलण्याचा."

रसिका तिथून निघाली ती लिंबाखाली जाऊन बसली. डोळे पुसायला रुमाल नव्हता, म्हणून ओढणीनेच पुसले. पाठोपाठ पावलं आली.

"का सही केलीत?" तिने वर न बघता विचारलं. "कीव आली माझी?"

"नाही." तो दोन हात अंतर ठेवून बसला. "स्वार्थ. तुम्ही तू म्हणणार होता ना… मला ते ऐकायचं होतं. कसंही करून. मग तुम्ही म्हणालाच नाहीत. तेव्हा कळलं, की तुम्हाला ते तसं मिळालेलं नकोय. मला मात्र चाललं असतं. त्याची लाज वाटतेय आठवडाभर."

"तुम्हाला?"

"मला." त्याने खिशातून एक चेंडू काढून तिच्यापुढे धरला. "हा त्याच दिवशी तुम्ही गेल्यावर सापडला. झुडपापासून दहा पावलांवर. उघड्यावर पडला होता, मोजून आणखी अर्ध्या मिनिटात दिसला असता. द्यायचं धाडस झालं नाही."

चेंडूवर बोडका र होता, सरळ शेपटीचा. रसिकाने तो घेतला आणि तिला हसू आलं, रडता रडताच. दहा पावलं. तिने त्याच्याच खिशातलं पेन ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, र च्या डोक्यावर नीट रेघ दिली.

"बघू," तो म्हणाला. त्याने पेन परत घेतलं. कपाटातून आलेला आपला २ त्याने गुडघ्यावर धरला, आणि जीभ दातांत धरून त्याच्यावरही एक रेघ ओढली. मग तो तिच्या तळहातावर ठेवला.

दोनचा र झाला होता. त्याच्या चेंडूवर आता तिचं नाव होतं.

रसिकाने तो चेंडू बोटांत फिरवून पाहिला. लांब व्हरांड्यात सर हंबीररावांना कुठलासा नियम समजावून सांगत होते. आपला खरा आकडा शंभरच्या पुढेच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शेपूट चुकलीये," ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुझ्या र ची."

उन्मेष चेंडूवरच्या शेपटीकडे बघू लागला. मग एकदम त्याने मान वर केली, आणि कधीच न सुटलेल्या नाडीकडे गेलेला हात तसाच राहिला.