पहिल्या रांगेतली खुर्ची

दुपारी तू त्या खुर्चीला लाथ घातलीस, तेव्हा मी बोललो नाही. चारचौघांत भाच्याचा पाणउतारा कशाला करा, म्हणून गप्प बसलो. आता बोलतो. मोबाइल खाली ठेव, धाकट्या. ताई, तुझं हसून झालं असेल तर तूही इकडे सरक. आणि विश्रामगृहाचा हा व्हरांड्यातला दिवा राहू दे तसाच, कमी उजेडात ऐकायला काही बिघडत नाही.

माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे ही. सांगोवांगीची नव्हे. घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला स्वतः सांगितली, आणि सांगताना त्याच्या हातातला चहा निम्मा बशीत सांडला होता.

तो या उद्यानाचा वायरमन. आम्ही त्याला फ्यूज म्हणायचो, कारण त्याचं डोकं पटकन उडायचं. मी तेव्हा खाली धक्क्यावर बोटी सांभाळायचो, तुम्ही आज सकाळी पाय मारत फिरवलीत ना, त्याच. शनिवारची रात्र होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्या खुल्या थिएटरचं उद्घाटन. दिवे आणि आवाज वापरून इथल्या गावाचा इतिहास सांगायचा, असा तो खेळ. फ्यूजला काम एवढंच होतं की एक स्पीकर खरखरत होता, तो बदलायचा आणि खेळ एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून बघायचा. तासाभराचं काम. जेवून, शिडी खांद्यावर टाकून, पावणेदहाला तो खोलीतून निघाला.

पण त्याआधी दुपारी काय झालं, ते सांगायला हवं.

तुम्ही ज्या पाण्यावर बोटी फिरवल्यात, त्याच्या खाली गाव आहे. म्हणजे होतं, मसणवटीसकट. फ्यूजचं गाव. धरण झालं, गाव उठवलं, आणि वरची उरलेली टेकडी झाडं लावून उद्यान केली. पायवाटा केल्या, पक्षी बघायला मनोरा बांधला. चांगलंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण त्या इतिहासाच्या दालनात तुम्ही काय बघितलंत? दारांच्या कड्या. घागरी. दिवे. सगळं काचेत. ज्यांच्या दारांच्या त्या कड्या, त्यांना आता तिकीट काढून त्या बघाव्या लागतात. माझं टाळकं सटकतं ना, ते इथे.

फ्यूजला एक आत्या होती. बिनलग्नाची. त्याची आई लवकर गेली, म्हणून या आत्यानेच त्याला वाढवलं. गाव सोडायच्या दिवशी ती उंबऱ्यावर बसली ती बसलीच. दोघांनी दंडाला धरून ओढलं तरी जागची हलली नाही. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला उठायचं तेव्हा उठेन."

तिचा स्वभावच तसा, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. दोन ट्रक होते. पुढच्यात पुरुष आणि सामान, मागच्यात बाया आणि पोरं. बायांना वाटलं, रुसून भावाबरोबर पुढे गेली असेल. भावाला वाटलं, बायांबरोबर मागून येतेय. नव्या जागी उतरल्यावर भांडी मोजेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा फ्यूज आणि त्याचा बाप रात्रीच उलटे धावले. तिकडे धरणाचे दरवाजे बंद झाले होते, वर पाऊस कोसळत होता. सकाळी घरांची कौलं तेवढी दिसत होती.

आत्या सापडली नाही. ना तेव्हा, ना नंतर. आणि धरणाच्या कचेरीने काय लिहिलं? गाव रिकामं होतं. झालं! रिकाम्या गावात कोण मरणार?

तर त्या खेळात एक वाक्य होतं. बाहेरून आणलेल्या कुणा भारदस्त आवाजाच्या माणसाने ते म्हटलं होतं. "शेवटचा माणूस सुखरूप बाहेर पडल्यावरच धरणाचे दरवाजे बंद झाले." ते फ्यूजने पहिल्यांदा ऐकलं त्या शनिवारी दुपारी. तसाच उठून उद्यानाच्या साहेबांच्या खोलीत गेला. मी तिथेच होतो, बोटींच्या जाकिटांची मागणी घेऊन.

"साहेब, तेवढं एक वाक्य काढा."

"का?"

"खोटं आहे ते. माझी आत्या आत होती."

साहेबाने मानही वर केली नाही. म्हणाला, "अरे बाबा, लोक इथे मजा करायला येतात, रडायला नाही. जुनी मढी उकरू नकोस."

"मढं मिळालंच नाही, साहेब. उकरू काय?"

मग साहेब हसला. हसला! "उद्या बटण तूच दाबायचं आहेस," म्हणाला, "डोकं थंड ठेव." त्या हसण्यासाठी मी त्या माणसाला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

म्हणजे फ्यूजपुढे प्रश्न असा होता बघा. ज्या आत्याने त्याला घास भरवला, ती तिथे नव्हतीच, असं पाहुण्यांना सांगायचं. आणि ते सांगणारं बटण त्याच्याच बोटाने दाबायचं.

रात्री त्याने स्पीकर बदलला. थिएटर तुम्ही बघितलंय. पायऱ्यापायऱ्यांवर खुर्च्या, समोर तळं, आणि सगळ्यात वर मागे काचेची छोटी खोली, जिथून खेळ चालवतात. खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस बसला की फळी खाली, उठला की आपोआप वर. कोऱ्या करकरीत होत्या, अजून कुणी बसलंही नव्हतं. सगळ्या फळ्या वर. तो काचेच्या खोलीत गेला, दिवे मालवले, खेळ लावला.

वारा नव्हता. हे तो मला दोनदा म्हणाला.

पाखरांचा आवाज झाला. नदीचा झाला. मग तो भारदस्त आवाज सुरू झाला, गाव कसं वसलं वगैरे. स्टेजवरचा निळा दिवा लागला. त्या उजेडात त्याला दिसलं, की मधल्या रांगेतली एक फळी खाली आली.

कर्र.

त्याला वाटलं, स्प्रिंग ढिली असेल. सकाळी बघू.

मग तिच्या शेजारची आली. मग मागची. मग एकदम चार. कुठे दोन जवळजवळ, मध्ये एक जागा सोडून पुन्हा तीन. लोक ओळखीपाळखीने बसतात तशा. एक फळी अर्धीच खाली आली... आणि वरखाली हलत राहिली. लहान पोराचं वजन पुरत नाही, तेव्हा हलते तशी.

फ्यूजचा हात खेळ बंद करायच्या बटणावर होता. दाबवेना.

खुर्च्या भरत गेल्या. आवाज पुढे बोलत होता. गावाची वस्ती सांगितली. पाणी सांगितलं. धरण आलं. खाली कुणी हलत नव्हतं. ऐकत होते. इतकं शांत, इतकं शहाण्यासारखं ऐकत होते... की त्याला भीतीपेक्षा लाज वाटली. पुढचं वाक्य त्याला माहीत होतं ना.

"शेवटचा माणूस सुखरूप बाहेर पडल्यावरच..."

खाड्!

सगळ्या फळ्या एकदम वर.

सगळे उठले.

आवाज पुढे बोलतच होता, पण फ्यूजला ऐकू येईना. समोर रिकाम्या खुर्च्या. मिटलेल्या. कुठे पाऊल वाजलं नाही. कुणी पायऱ्या चढून आलं नाही. पण तो म्हणाला, मला कळत होतं रे. सगळे वळलेत. काचेकडे बघतायत.

त्याने मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले. आवाज गेला.

अंधार.

...

काही नाही.

...

मग कुठून तरी, अगदी हळू, एका फळीवर कुणीतरी बोटं वाजवायला लागलं. टक. टक. टक. वाट बघताना वाजवतात तशी. मग दुसरी. मग सगळीकडून.

आणि तिथे त्याचा फ्यूज उडाला. इतक्या वर्षांचा राग, कचेरीवरचा, त्या साहेबावरचा, बापावरचा, स्वतःवरचा, सगळा एकदम. तो ओरडला, "मी नाही म्हटलं ते! माझ्यावर काय डोळे काढता? मी नाही म्हटलं!"

टक. टक. टक.

"मग काय करू?"

थांबलं.

एकदम थांबलं.

त्याने चाचपडत स्विच वर केला, निळा दिवा परत लागला. खेळ लावला नाही. सूचना द्यायचा माइक होता, तो ओढला. शेवटी कसाबसा म्हणाला...

"आत्या राहिली होती. गाव रिकामं नव्हतं. माझी आत्या उंबऱ्यावर बसली होती... आणि आम्ही तिला विसरून गेलो."

बदललेल्या स्पीकरमधून ते तळ्यावर गेलं. लांब गेलं. पलीकडच्या काठाला लागून परत आलं.

खुर्च्या हलल्या नाहीत.

मग खाली, पहिल्या रांगेत, मधोमध... एक फळी खाली आली. घाई नाही. म्हातारं माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसतं तशी.

कर्र...

तो पळाला. शिडी तिथेच टाकून पळाला.

सकाळी मला घेऊन गेला, तेव्हा सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या आणि ती एक उघडी. मी स्वतः फळी वर ढकलून बघितली. दोन्ही हातांनी. जाईना. फ्यूजने हातही लावला नाही. तसाच साहेबांकडे गेला, म्हणाला, वाक्य काढा, नाहीतर बटण तुम्हीच दाबा. साहेबाने दोन्हींतलं काहीच केलं नाही. फ्यूजला घरी पाठवलं आणि शिपायाकडून बटण दाबून घेतलं. टाळ्या पडल्या. पाहुणे बिस्किटं खाऊन गेले. फ्यूज पुन्हा या फाटकाच्या आत आला नाही. मी बोटी सोडल्या त्याच महिन्यात. आज आलो तो तुमच्या आईच्या हट्टामुळे.

आणि ते वाक्य अजून वाजतं, मघाशी इथल्या शिपायाला विचारलं मी. एवढे साहेब बदलले, एकाला लाज वाटली नाही. उद्या संध्याकाळी तुम्ही खेळाला जाणार आहात ना? ऐकाल. भारदस्त आवाजात.

शिपाईच सांगत होता, त्या खुर्चीची स्प्रिंग बदलून झाली आहे. खुर्चीच उपटून नवी बसवून झाली आहे. रात्रीत फळी खाली येते. "नादुरुस्त" म्हणून पाटी लावतात, तीही सकाळी खाली पडलेली असते. नादुरुस्त म्हणे! त्या अख्ख्या थिएटरात धड तेवढी एकच खुर्ची आहे.

खरं सांग, धाकट्या. लाथ घातलीस, तेव्हा ती जराशी तरी हलली का?

...

नाही ना.

तिला उठायचं तेव्हा उठेल ती.