भिंतीवरची माणसं

शिडी घसरली आणि मी वर, कातळाच्या कपारीत अडकले. हातात ट्रेसिंगचा कागद, समोर हजारो वर्षांपूर्वीची तांबडी चित्रं आणि खाली… कुणीच नाही.

"अहो, कुणी आहे का?"

"आहे की!" झुडपांतून एक तरुण बाहेर आला. खांद्यावर चुकलेलं शेळीचं करडू. "उतरायचंय, की वरच मुक्काम?"

गुरांचे डॉक्टर होते ते. करडू खाली सोडून, शिडी लावून स्वतःच वर चढले. हातात हात घालून एका ओळीत उभी असलेली ती इवली माणसं बघून मात्र ते अगदी जवळ सरकले.

"अशीच माणसं माझी आई घराच्या भिंतीवर काढते… म्हणजे, काढायची. बाबा गेले आणि तिनं रंग ठेवून दिले."

अशी चित्रं आजही काढणारं माणूस माझ्या संशोधनासाठी मी वर्षभर शोधत होते!

दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन मी त्यांच्या दारात हजर. आईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "बस, चहा घे. पण चित्रांचं काही विचारू नकोस, बाळ."

नाहीच विचारलं. कॅमेरा बॅगेत गेला. तरी संध्याकाळी जात राहिले… कधी शेंगा सोलायला, कधी नुसतीच. बाबांच्या गोष्टी आई सांगायच्या. रंग कालवायचं काम बाबांचं, आणि कालवताना ते भसाड्या आवाजात गायचे म्हणे. सांगताना आई हसायच्या, मग डोळे पुसायच्या. डॉक्टर उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघायचे— आणि मी बघितलं की घाईघाईनं बुटाची नाडी बांधायचे.

"किती वेळा बांधता हो?" एकदा विचारलंच.

"सुटते सारखी… तुम्ही आलात की."

एका सकाळी आईंनी बोलावून घेतलं. पांढरी माती वाडग्यात भिजत होती. "कालवशील?" एवढंच म्हणाल्या.

मी कालवू लागले. त्यांचं बोट भिंतीला टेकलं… आणि मग थांबलंच नाही. माणसांची ओळ दारापासून थेट खिडकीपर्यंत पोचली. मी कसाबसा हुंदका आवरला. मागे उभ्या डॉक्टरांना तेही जमलं नाही.

"आता काढ तुझा कॅमेरा," आई म्हणाल्या.

काम संपलं. निघायच्या दिवशी डॉक्टर मला स्टेशनवर सोडायला आले.

"आई आज सकाळी गुणगुणत होती," ते म्हणाले. "तुमचे आभार कसे मानू, कळत नाही."

"ते मी मानायचे. तुमच्या घरानं मला…"

"परत याल?"

"पुढच्या महिन्यात."

"पण संशोधन तर संपलं ना?"

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."

त्यांचे कान लालबुंद झाले. बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. गाडी फलाटाला लागली तशी बॅग माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "जपून जा… मी तुझी वाट बघतोय."

तुझी! इतकासा शब्द… आणि मला भरून आलं.