तुरटी नको

कळंबोलीच्या थांब्यावर पाऊस तिरका येत होता आणि अनुयाच्या शेजारी उभा असलेला तरुण एक बाटली उजेडाकडे धरून बघत होता. बाटलीत दुधाळ पाणी होतं. तिनं गप्प राहायचं ठरवलं. पण तोंडून निघून गेलंच.

"तुरटी जास्त झालीय."

त्यानं बाटलीआडून पाहिलं. "तुम्ही लॅबमध्ये असता?"

"शाळेत. भूगोल शिकवते."

"मग आमच्या भूगोलाच्या बाईंनी बरंच शिकवायचं बाकी ठेवलं म्हणायचं."

ती हसली... चैत्रानंतर बहुधा पहिल्यांदाच.

त्याचं नाव शार्दूल. कर्नाटकातल्या एका सोन्याच्या उघड्या खाणीवर पावसाचं पाणी सांभाळणं हे त्याचं काम. पाण्याचे नमुने तपासून घ्यायला तो काही दिवस पनवेलला आला होता. खाणीचं नाव ऐकताच अनुयानं बाबांचं नाव सांगितलं. निवृत्त होईपर्यंत ते सगळा जन्म त्याच खाणीवर होते.

"म्हणजे अविनाश सर? त्यांच्या चरावरच तर आमचं निभतंय," तो म्हणाला. डोंगरावरून येणारं पाणी खाणीत उतरण्याआधीच वळवून ओढ्याकडे नेणारा तो चर अजून सरांच्याच नावानं ओळखतात. सरांना भेटायचं त्याच्या फार मनात होतं. बाबा चैत्रात गेले, हे तिनं येणाऱ्या बसकडे बघत सांगितलं. त्यानं छत्री तेवढी तिच्या बाजूला कलती केली.

मग ते भेटत राहिले. कधी स्टेशनबाहेर चहाला, कधी नुसतंच करंजाड्याच्या रस्त्यानं पायी. तो तिला 'बाई' म्हणायचा आणि उत्तर चुकलं की स्वतःहून अंगठे धरायची तयारी दाखवायचा. ती बाबांबद्दल सांगायची. खाणीत शिरलेलं पाणी तसंच सोडायचं नाही, तळ्यात थांबवायचं, गाळ बसला की तपासून मगच ओढ्यात. खाली माणसं ते पाणी पितात. बाबा घरीही नमुने आणायचे आणि आई कुरकुरायची, की माझ्या लोणच्याच्या बरण्या चिखल भरायला नाहीत. हे सगळं अनुया हसत सांगायची. रडली मात्र ती अजून एकदाही नव्हती, आणि आता ते जमेल की नाही याचीच तिला भीती वाटायची. तेवढं तिनं त्याला सांगितलं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी तो सुकापूरला घरी आला. पोहे करू नकोस, भलताच अर्थ होतो, असं अनुयानं बजावलं होतं. आईनं मुकाट्यानं थालीपिठं लावली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी होती. बाबांनी शेवटच्या खेपेला आणलेलं खाणीतलं पाणी — वर नितळ, तळाशी लाल गाळ. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आई खिडकी पुसायची तीसुद्धा बरणीभोवतीनं.

शार्दूल बोलता बोलता खिडकीशी गेला. गाळ कसा बसतो ते बघायचं तर आधी पाणी ढवळायचं, ही हाताची सवय... त्यानं बरणी उचलली आणि उलटीसुलटी केली.

क्षणात सगळं लाल झालं.

आईचा हात तव्यावरच थांबला. शार्दूलनं दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्याला कळलं. "सरांची होती?" त्यानं हळूच विचारलं.

"बाबासुद्धा हेच करायचे," अनुया म्हणाली. "निवळलेली बरणी दिसली की ढवळायचेच. आई ओरडायची..." डोळे वाहायला लागले आणि थांबेनात. तिनं थांबवलंही नाही.

आई घाईनं तुरटीचा खडा घेऊन आली. दोनदा फिरवला की निवळेल तासाभरात, म्हणाली.

"तुरटी नको, आई." अनुयानं बरणी जवळ ओढली. "आपणहून बसू दे."

"गाळ फार बारीक आहे," शार्दूल म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे."

"मी उद्या जातोय... निवळलं की कळवाल?"

"नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही ढवळलंय. तुम्हीच येऊन बघायचं."

"एकदाच?"

"लवकर आलात, तर परत यावं लागेल."

त्यानं बरणी दोन्ही हातांनी, अजिबात न हलवता, जागेवर ठेवली.

"तेव्हा मात्र मी पोहे करणार," आई थालीपीठ उलटत म्हणाली.

अनुयानं या वेळी तिला अडवलं नाही.