ठमाबाईंचा पदर

पोलादपूरपासून कापड्यापर्यंत साहेबांमागं चालून मदतनीस गोमाजीच्या वहाणेचा अंगठा तुटला. साहेब, येसाजी मोरे, मात्र घरात शिरल्या शिरल्या कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या म्हाताऱ्या ठमाबाईंचं उष्टं ताट निरखत बसले. मुंबई पोलिसातून निवृत्त होऊन महाडला खासगी तपास करणाऱ्या माणसानं हेच करायचं का, असं गोमाजीला झालं.

"साहेब," ठमाबाईंचा मुलगा सयाजी वैतागून म्हणाला, "आईला मधुमेह. गूळसाखर मी कुलपात ठेवलीय, तरी साखर तपासायचं डॉक्टरचं निळं पाणी लघवी घालून तापवलं की विटकरी होतंय! ही माझी बायको राहीच चोरून घालते. पुरावा द्या, आजच माहेरी घालवतो."

दाराशी राहीबाईचं गाठोडं बांधून तयार होतं.

"कुलपाची चावी यांच्या कडदोऱ्याला! मी कुठनं घालू?" राहीबाई उसळली. "जवळ गेले का आत्याबाय पदर लावतात तोंडाला. माझा वास येतो त्यांना!"

"माझ्याफुडं बी लावती गो," शेजारच्या बनुबाई पांढुरक्या बुबुळांनी अंदाज घेत म्हणाल्या. "परसाद दिला तरी खात नाय. लक्ष वातींचं व्रत हाय तिचं. मीबी वळल्या असत्या, पन वरची दाढ काढली नि नजर गेली माजी."

मोरीच्या दगडामागून येसाजींनी एक चघळलेली, तांबूस वात उचलली.

"विष!" गोमाजी ओरडला.

"वास घे."

"लवंग."

"मग विष कसलं, गोमाजी? ताटात बघ. भाकरीचा मऊ पापुद्रा खाल्लाय, कडा तशाच."

"पण साखर कोण घालतं?" गोमाजी कातावला.

"कुणीच नाही. पदर दोघींपुढं, म्हणजे वास सुनेचा नव्हे. ठमाबाई स्वतःचा लपवतात. कडक चावत नाही, लवंगेची वात दाढेत, वातीला रक्त. हिरड्या पिकल्यात. तोंडात पू असला की साखर हटत नाही, आणि साखरेनं हिरड्या आणखी सडतात. तुम्ही सगळे तोंडात काय जातं ते बघत बसलात. तोंडात काय आहे ते कुणी बघितलं?"

"आई, बोलली का नाहीस?" सयाजी ओरडला.

"दात काढतील, बनूवानी नजर जाईल," पदराआडून आवाज आला. "चाळीस हजार वाती राहिल्यात रे!"

"बनुबाईंना मोतीबिंदू आहे, ठमाबाई. दाढेचा काही संबंध नाही."

ठमाबाईंनी पदर खाली केला. गाल सुजला होता.

"राहे, गाठोडं सोडू नको. माजं येक लुगडं घाल त्यात. दोघी महाडला दाताच्या डाक्टरकडं जाऊ."

मग कापसाची टोपली त्यांनी सयाजीपुढं सरकवली.

"आमी येईस्तोवर तू वळ."