चोविसावं टेबल

खुर्ची आपणहून चालायला लागली तेव्हा मार्गो वेल्डमनच्या दोन्ही हातांत मोजपट्टी होती, त्यामुळे तिला नुसतं बघत राहावं लागलं. चाकांची खुर्ची, नमुन्याला आणलेली. तिसऱ्या मजल्याच्या रिकाम्या दालनात ती आधी हळूच, मग चांगलीच वेगात निघाली, लाकडी खांबांमधून वाट काढत नदीकडच्या खिडकीपाशी गेली आणि तिथे बसून पाँचकी, म्हणजे जॅम भरलेला पोलिश डोनट, खाणाऱ्या एका माणसाच्या गुडघ्यांवर आदळली. पाँचकीतला आलुबुखाराचा जॅम खुर्चीवर सांडला.

"तुझी आहे का ही?" त्याने विचारलं.

"होती. आता डाग पडलाय."

"मी नव्हतं बोलावलं हं तिला... तीच आली."

बाहेर फेब्रुवारीतला ओला बर्फ पडत होता. मार्गोला हसू आलं, पण तिने ते दाबलं. कामाच्या जागी अनोळखी माणसासमोर हसायचं नाही, असा तिचा नियम होता. तो पुढे फार दिवस टिकला नाही.

माणसाचं नाव टॅड गोरलेव्स्की. याच ग्रँड रॅपिड्स शहरातला, नदीपलीकडच्या पोलिश वस्तीतला सुतार, खिडक्यांच्या चौकटी दुरुस्त करायला आलेला. इमारत शंभर वर्षांपूर्वी खुर्च्यांचा कारखाना होती. आग लागलीच तर विझवायचं पाणी आपोआप बाहेर वाहून जावं, म्हणून जमीन मुद्दाम उतरती केलेली. आता डागडुजी चालली होती, पण वारसा समितीने बजावलं होतं, जमिनीला हात लावायचा नाही. इथे नद्यांचं पाणी तपासणारी एक कंपनी यायची होती आणि तिचं कार्यालय थाटायचं काम मार्गोकडे होतं. तिचं स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलंच काम. कंपनीच्या मालकीण विल्मा झायल्स्ट्रा यांची अट एकच, नव्या लाकडाची ढलपीसुद्धा वापरायची नाही.

म्हणून मार्गोने बंद पडलेल्या शाळांमधून शिक्षकांची तेवीस जुनी ओकची टेबलं गोळा केली होती. ती या जमिनीवर ठेवली की सगळी डगमगत होती. तिचं डोकं चालेना.

"चारी पाय सारखे कशाला हवेत?" टॅड बोटं चाटत म्हणाला. "जमीन कुठे सारखी आहे? प्रत्येक टेबलाची जागा ठरव. मी त्या जागेपुरते पाय कापून देतो."

तेवीस टेबलं टॅडच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांच्यामागोमाग मार्गोही जायला लागली. तपासणीला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. तिथल्या खिडकीपाशी एका पालथ्या खोक्यावर ती पाय दुमडून बसायची आणि कॉफी गुडघ्यावर तोलत त्याला कामात अडथळा आणायची.

"हे पॉलिश परवाही ओलं होतं."

"तू परवाही आली होतीस."

"म्हणजे येऊ नको?"

"मी कुठे म्हटलं तसं... फक्त पॉलिशवर बोट लावू नकोस. ठसे उमटतात तुझे."

मे महिन्यात त्याने सहज सांगावं तसं सांगितलं. दूर डुलुथ शहरात भावाचा नावा बांधायचा कारखाना आहे, तो बोलावतोय. इथे पुढचं काम हातात नाही. विल्माबाईंना टेबलं पसंत पडली तर उरलेल्या दोन मजल्यांचं कामही त्यालाच मिळणार होतं. पण बाईंनी साफ सांगितलं होतं, शुक्रवारी दहा वाजता माणसं येऊन बसतील, तेव्हा एक जरी टेबल डगमगलं तरी सगळी परत.

"मग जाशील?" मार्गोने विचारलं.

"जावं लागेल."

ती कॉफी अर्धीच टाकून निघाली, आणि घरी जाताना सगळ्या रस्त्यात स्वतःवर चिडत राहिली. तिला तो जायला नको होता. हे एवढं साधं वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

बुधवारी टॅडने हमालांकरवी तेवीसच्या तेवीस टेबलं आणून आपापल्या जागी बसवली. एकही हललं नाही. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला.

"माझं एक टेबल सापडत नाहीये."

"कसलं?"

"...साधंच. राहू दे."

शुक्रवारी सकाळी आठला मार्गो आली तेव्हा पाऊस खिडक्यांवर ताशा वाजवत होता आणि जमीन लखलखत होती. तिने सवयीने पहिल्या टेबलावर हात टेकला. ते डगमगलं. दुसरं डगमगलं. तिसरं तर चक्क झुललं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

विल्माबाई कोपऱ्यात बादली पिळत उभ्या होत्या. वय पासष्ट, पायात पांढरे बूट, चेहऱ्यावर समाधान.

"काल संध्याकाळी बहिणीला घेऊन आले," त्या म्हणाल्या. "सगळं सरकवून जमीन घासून काढली. उद्घाटन आणि जमीन न घासता? आई थडग्यातून उठून आली असती माझी!"

"टेबलं... होती तशीच ठेवलीत ना?"

"त्याहून छान! फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे लावलीयेत. खाली जिन्यापाशी एक गोधडीत गुंडाळलेलं विसरलं होतं, तेही वर आणलं."

मार्गोने कपाळाला हात लावला. विल्माबाईंनीही एका टेबलावर हात टेकून पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दहापर्यंत वेळ द्या," मार्गो म्हणाली.

"दहापर्यंत," बाई म्हणाल्या. "माणसं काही मला थांबवता येणार नाहीत."

तिने फोन केला आणि टॅड पंधरा मिनिटांत आला. केसांतून पाणी गळत होतं. प्रत्येक टेबलाच्या पोटाशी त्याने पेन्सिलीने जागा लिहून ठेवली होती: खांब चार, खिडकी सहा. दोघं गुडघ्यांवर रांगत टेबलांखाली शिरायची, ओरडून जागा सांगायची, टेबल उचलून नेऊन ठेवायची. पावणेदहाला तेवीस जागा भरल्या.

एक टेबल उरलं.

"याची जागा कुठली?" मार्गोने विचारलं. "इथे डगमगतंय, तिथेही डगमगतंय. चुकीचं कापलंस की काय?"

टॅडचा चेहरा लाल झाला. "थांब, खालचं मी बघतो..."

पण ती आधीच खाली शिरली होती. पेन्सिलीने लिहिलं होतं: मार्गो. वर्कशॉप, माझी खिडकी. पाय दुमडून बसते, दोन इंच उंच.

ती खाली तशीच बसून राहिली. वरून त्याचा आवाज आला.

"ते इथलं नाही. हमालांनी तेही उचललं वाटतं. मी कालपासून शोधतोय."

"डुलुथला जाणारा माणूस इथल्या खिडकीसाठी टेबल कशाला करतो?"

"केलं तेव्हा जायचं ठरलं नव्हतं. ठरलं तेव्हा... मोडवेना."

"आणि मला काही सांगायचं नाही?"

"तू यायचीस, पॉलिश बघायचीस, जायचीस. मला वाटलं, तुला टेबलांत रस आहे."

"टॅड गोरलेव्स्की!" मार्गो टेबलाखालूनच ओरडली. "आठवड्यातून दोनदा ओलं पॉलिश बघायला कोण येतं रे? मला तू आवडतोस. फेब्रुवारीपासून. झालं, बोलले!"

टॅड खाली वाकला, मग गुडघ्यांवर बसला, मग तोही टेबलाखाली आला. तिथे दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

पांढरे बूट येऊन शेजारी थांबले.

"दहा वाजले," विल्माबाई म्हणाल्या.

दोघं धडपडत बाहेर आली. बाई सावकाश फिरल्या. तेवीस टेबलांवर एकेक करून त्यांनी तळहात दाबला. एकही हललं नाही. मग त्यांनी खिशातून दोन पेपरमिंट काढून दोघांच्या हातावर ठेवले, रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की शेजाऱ्याला देतात तसे.

"दुसरा मजला सोमवारी बघायला या," त्या टॅडला म्हणाल्या. "आणि मी तेवीस सांगितली होती. हे जास्तीचं कशाला?"

"ते तुमचं नाही," मार्गो म्हणाली. "माझं आहे."

संध्याकाळी टेबल वर्कशॉपमध्ये परत आलं आणि खिडकीपाशी जागेवर बसलं. मार्गो त्याच्यापाशी पाय दुमडून बसली. कॉफीचा कप तिने टेबलावर काठोकाठ भरून ठेवला होता आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता. पाठीमागे टॅड भावाशी फोनवर बोलत होता.

"नाही येत मी... हो, काम मिळालं. पण त्यासाठी नाही." तो जरा वेळ ऐकत राहिला. "ती इथेच बसलीये रे. नंतर सांगतो."

"आत्ताच सांग," मार्गो मागे न बघता म्हणाली.