आठ खाचांची पट्टी

मला हिवताप आला नसता तर अक्काचं लग्न जमलंच नसतं, असं मी अजून सगळ्यांना सांगते. परंड्यातल्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात शांताक्का माझ्यासाठी कोयनेल आणायला गेली, मी तिच्या खांद्यावर मान टाकून. औषधाच्या खिडकीत पंचाक्षरी – कंपाउंडरीचं काम शिकणारा, कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोटांना डिंक. त्यानं बाटलीवर डोसाच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवली आणि पुढं केली. अक्कानं बाटली उजेडात धरली.

"रोज एक डोस, आठ दिवस म्हणालात. खाचा तर सातच हायत."

त्यानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. "तुमी समोर उभ्या, म्हणून..." पुढचं वाक्य डिंकातच अडकलं.

म्हातारे कंपाउंडर वीरप्पा हसले. बायकांना दुखणं सांगायला बाईमाणूस हवंच होतं. त्यांनी अप्पांना गाठून आमच्या वीस वर्षांच्या अक्काला शिकायला मागितलं. अप्पांनी सहा महिने दिले. डॉक्टरसाहेबांच्या परीक्षेत पास झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरात. सोबतीला रोज शाळा सुटल्यावर मी.

वीरप्पांना काही विचारलं की ते बाटलीच पुढं सरकवायचे, "हिला विचार" म्हणून. पंचाक्षरी मात्र... कोयनेल पाण्यात विरघळत का नाही? अक्काची भुवई उचलायच्या आत उत्तर हजर – गंधकाच्या तेजाबाचे थेंब घाला. ती विचारायची, तो सांगायचा, आणि मी निजाम सरकारचं उर्दूचं पुस्तक उलटं धरून ऐकायची. काही प्रश्न तर तिनं उत्तर येत असूनच विचारलेले असायचे.

एकदा वीरप्पांनी त्याला अंगणात बोलावलं. मी रांजणापाशी पाणी पीत होते.

"तू नसलास तर तिला काय येतं रे, पंचाक्षरी?"

त्यानं मला बघितलं आणि घरी बोलायचं नाही म्हणून महादेवाची शपथ घातली.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं तोंड बंद. अक्कानं काही विचारलं की एवढंच, "तुमीच करून बघा की." अक्का तो राग घरी येऊन माझ्या वेणीवर काढायची. एवढा माज असेल तर विचारतंय कोण, म्हणायची, आणि डोळे पुसायची. शपथेनं माझं पोट फुगून गेलं.

पण त्या रागात तिनं रिकाम्या शिश्या जमवल्या. काय कशात विरघळतं, काय फाटतं, काय तळाला बसतं – एकेक करून बघितलं, वहीत लिहिलं. तो लांबून बघत राहायचा, आणि तिनं मान वर केली की... लगेच खल घासायला लागायचा.

परीक्षेला डॉक्टरसाहेबांनी एकच नुस्खा दिला. कोयनेल, तेजाब आणि भरपूर खायचा सोडा, सगळं एका बाटलीत. पंचाक्षरी दारात, चौकट घट्ट धरून. अक्कानं सोड्याच्या बरणीला हात लावला... आणि काढून घेतला.

"हे एका बाटलीत देणार न्हाय, साहेब. सोड्यानं कोयनेल फाटून तळाला बसतंय. शेवटच्या डोसाला सगळं एकदम पोटात जाईल."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय. म्या करून बघितलंय." हे म्हणताना तिची नजर दाराकडं वळली, आणि तिथंच थांबली. तो का गप्प होता, ते तिला तेव्हाच कळलं असावं.

साहेबांनी नुस्खा टरकावला. चूक त्यांनी मुद्दामच घातली होती. उद्यापासून बायकांची खिडकी शांताबाईंची, म्हणाले. मी शपथबिपथ विसरून सगळं ओकून टाकलं. वीरप्पांनी नुसती मिशी चोळली.

संध्याकाळी बाटल्या पुसत पुसत पंचाक्षरी तिच्याजवळ आला. "एक विचारायचं होतं... तुमच्या मनात..."

"तुमीच शोधा की."

तिनं कात्री घेतली, कागदाची पट्टी कापली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि माझा हात ओढत निघाली. मी मागं वळून बघितलं. तो खाचा मोजत होता. पुन्हा मोजत होता.

आठव्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन आमच्या दारात उभा. आईच्या हातात नारळ, त्याच्या हातात रोज एक खाच फाडून उरलेला पट्टीचा शेवटचा तुकडा. अप्पा काही विचारायच्या आत माजघरातून अक्काचा आवाज आला.

"बसू द्या त्यांना, अप्पा. या खेपेला बरोबर मोजलंय."