आकुर्डीतली पहिली तालीम

माझी सख्खी बहीण यात होती, म्हणून सांगतोय. ऐकीव नाही. हे घडलंय.

गेल्या वर्षी, संक्रांत नुकतीच झाली होती. सोमवारची दुपार. आकुर्डीतली एक संगीतशाळा.

माझी बहीण स्वरूपा चेलो वाजवते, म्हणजे बसून गुडघ्यांमध्ये धरायचं ते मोठं व्हायोलिन. निरंजन आणि मंजुषा व्हायोलिन, शेखर व्हायोला. या चौघांच्या क्वार्टेटला शाळेनं वर्षभरासाठी बोलावलं होतं. तिथंच राहायचं, मुलांना शिकवायचं, आपली तालीम करायची.

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पहिलीच तालीम. चौघांनी वाजवायला सुरुवात केली आणि...

धप्प.

जमीन हादरली.

"शेजारी कंपनी आहे का?" मंजुषानं विचारलं.

"असेल. चालू ठेवा," निरंजन म्हणाला.

धप्प... धप्प... अगदी तालावर. त्यांनी लय वाढवली. ठोकाही वाढला.

ते थांबले. ठोका थांबला.

आणि मग... रस्त्याचा आवाजही नव्हता. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचाही नाही.

"निरंजन, बाहेर जाऊ या," स्वरूपा म्हणाली.

"अगं, घाबरतेस काय!" तो चिडला. एकटाच जोरात वाजवू लागला.

कुणीतरी त्याचं व्हायोलिन हिसकावलं. समोर कुणीच नव्हतं...

व्हायोलिन फरशीवर आपटलं, फुटलं. पाठोपाठ त्याचा डावा हात खाली ओढला गेला.

धप्प.

बोटं चपटी झाली. हाडं मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

शेखर त्याला खेचत होता. हात निघेना. वरून काहीतरी दाबत होतं... दिसत काहीच नव्हतं.

"तोडा! हात तोडा माझा!" निरंजन गुरासारखा ओरडत होता.

क्षणभर दाब सुटला. स्वरूपानं आपला चेलो त्याच्या हातावर आडवा घातला.

धप्प.

चेलोच्या ठिकऱ्या उडाल्या. तेवढ्यात शेखरनं हात ओढून काढला.

चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जखम पाहिली.

"कुठल्या कंपनीत आहे हा? प्रेस मशीनमध्ये हात गेलाय."

"कंपनीत नाही हो... व्हायोलिन वाजवतो तो," शेखर रडत म्हणाला.

चारही बोटं काढावी लागली.

नंतर मी स्वतः सोपानरावांना गाठलं. शाळेची जागा मूळची त्यांची.

"हितं कंपनी? न्हाई बाबा. आमचं जवारीचं रान व्हतं. त्यावर थेट शाळाच बांधली."

शाळा आजही चालू आहे. फक्त त्या हॉलला कुलूप आहे.

स्वरूपा आता माझ्याकडे काळेवाडीत राहते. जेवताना ताट मांडीवर घेते.

काल जेवता जेवता तिनं एकदम माझा हात धरून टेबलावरून खेचला... मनगट अजून दुखतंय.

मी काहीच ऐकलं नव्हतं.

तिला काय ऐकू आलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.